आधीचे लोक का गेले

मी पडदे शिवते. दुकान वगैरे नाही. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं आहेत आणि आमचे हे रॉड बसवून देतात. धंदा सगळा तोंडोतोंडी चालायचा. एकीनं दुसरीला सांगितलं तर काम, नाहीतर बसा कापडाच्या घड्या घालत. माझी धाकटी जाऊ बँकेत आहे. तिनं एकदा सांगितलं की दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी, व्यायामशाळेच्या वरच्या हॉलमध्ये, घरांमध्ये पैसे गुंतवणारे लोक जमतात. एकेकाकडे तीन-तीन, चार-चार फ्लॅट. भाड्यानं द्यायचे म्हणजे पडदे लागणारच. मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं. ती म्हणाली, तिथे तरी कुणाला कळतंय.

म्हणून मी गेले.

दारातच छातीवर लावायला गोल स्टिकर देत होते. विकणाऱ्याला हिरवा, घेणाऱ्याला निळा, आणि माझ्यासारख्या, रंगारी, वाळवीवाला वगैरे कामं करणाऱ्यांना पिवळा. पिवळे सगळे भिंतीला टेकून उभे राहायचे, खुर्च्या रिकाम्या असल्या तरी. सभा चालवणारे गृहस्थ पूर्वी विमा विकायचे. तो धंदा सुटला, पण त्या धंद्यातलं हसू तोंडावर तसंच राहून गेलेलं. सगळे त्यांना चेअरमन म्हणायचे. त्यांच्यासमोर टेबलावर घंटी असायची. प्रत्येकानं उभं राहायचं, आपल्याकडे काय आहे आणि आपल्याला काय पाहिजे ते सांगायचं, आणि बोलणं लांबलं की घंटी वाजायची.

मला वाटलं होतं कंटाळा येईल. उलट मी नाटकाला आल्यासारखी रंगून गेले. एक दातांचे डॉक्टर होते, ते लोक चपला घेतात तसे फ्लॅट घ्यायचे. दोघे भाऊ होते, ते हॉलच्या दोन टोकांना बसायचे, एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत, आणि व्यवहार मात्र भागीत करायचे. एक एजंट होता, उकाड्यातही गळ्यात टाय. त्याला टायवाला म्हणायचे. तो पडद्यावर फोटो दाखवायचा आणि प्रत्येक खोलीला ‘प्रशस्त’ म्हणायचा, संडासालाही.

एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली. तिथे घराला कुणी घर म्हणत नव्हतं. कुणी युनिट म्हणायचं, कुणी प्रॉपर्टी, कुणी नुसतं ‘टू-बेड’. घर म्हणणारी एकच बाई होती. साठी ओलांडलेली, केस अगदी बारीक कापलेले, अंगानं काडी. मागच्या रांगेत कडेची खुर्ची ठरलेली. छातीवर निळा स्टिकर, म्हणजे घेणारी, पण तीन वर्षांत तिनं काहीच घेतलं नव्हतं. तिला सगळे चौकशीबाई म्हणायचे, आणि तिला ते माहीत होतं.

कुणीही घर विकायला उभं राहिलं, भाव सांगितला, भाडं किती येईल ते सांगितलं, की मागून तिचा हात वर जायचा. प्रश्न एकच.

“आधीचे लोक का गेले?”

विकणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. चेअरमन हसत हसत म्हणायचे की बाई, आपण पुढे बघणारी माणसं, मागचं कशाला काढायचं. पण उत्तर मिळेपर्यंत ती बसायची नाही. आणि उत्तरं अशी यायची की पिवळे स्टिकरवालेसुद्धा भिंत सोडून पुढे सरकायचे. एका घरातले लोक गेले, कारण त्यांचा कुत्रा लिफ्टला घाबरायचा आणि सहाव्या मजल्यापर्यंत त्याला उचलून नेता नेता मालकाची कंबर गेली. एका घरातल्या बाईला समोरच्या बेकरीचा वास सहन होईना. बाळंतपणानंतर तो वास परत आवडायला लागला, पण तोवर घर विकून झालं होतं. एक मुलगा म्हणाला, मला माहीत नाही, आणि तिनं त्याला पुढच्या महिन्यात विचारून यायला सांगितलं. तो खरंच विचारून आला. नवरा-बायको वेगळे झाले होते आणि दोघांपैकी कुणालाच ते घर नको होतं.

मी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी चहा घेता घेता तिच्याशेजारी जाऊन बसले. तिला सरळच विचारलं की तुम्ही हे का विचारता. ती म्हणाली, तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. “सगळं आयुष्य दुसऱ्यांचे प्रश्न उतरवून घेतले. आता म्हटलं, एखादा आपला विचारावा.” असं म्हणून तिनं चहात बिस्कीट बुडवलं, आणि ते तुटून पडलं ते चमच्यानं शोधत बसली. माझं समाधान झालं नव्हतं. पण माझी खोड अशी की कुणी उत्तर टाळलं की मी तिथून उठत नाही, फक्त विषय बदलते. मग आमची ओळख वाढली. ती एकटीच राहायची, भाड्याच्या घरात. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मोठी बहीण होती, दुसऱ्या गावी, तिच्याशी बोलणं बेताचंच.

पावसाळा सरल्यावरच्या एका सभेत टायवाल्यानं एक जुनी तीन मजली इमारत दाखवली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, समोर चौकाभोवती फिरणारी सामाईक गॅलरी, चौकात हातपंप. तो ‘प्रशस्त’ म्हणाला, ‘हवेशीर’ म्हणाला, भाव सांगितला आणि सवयीनं मागच्या रांगेकडे बघत थांबला. हात वर आला नाही. चेअरमननी घंटीवरचा हात काढून घेतला. लोक माना वळवून मागे बघायला लागले. चौकशीबाई पडद्यावरच्या त्या फोटोकडे बघत होती आणि तिचा चेहरा पार उतरला होता.

सभा संपल्यावर टायवाल्यानं मला गाठलं. रिकाम्या खोल्या फोटोत भकास दिसतात, गिऱ्हाइकांना दाखवण्याआधी तिथे साधेसे पडदे लावून द्या, म्हणाला आणि चावी हातात दिली. मी खाली उतरले तर चौकशीबाई व्यायामशाळेच्या दारात उभी होती. मापं घ्यायला कधी जाणार, विचारलं. मी म्हटलं, परवा सकाळी.

“मी येऊ? टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागत असेलच ना.”

मी म्हटलं, तुमच्याकडे निळा स्टिकर आहे, टायवाला तुम्हाला मानानं घेऊन जाईल. तर ती म्हणाली की तो बरोबर असला की घर दिसत नाही, फक्त तो दिसतो. ते खरंच होतं. मी हो म्हटलं. आमच्या ह्यांना दुसरीकडे काम होतं, त्यामुळे आम्ही दोघीच गेलो.

 इमारतीच्या जिन्यात ती माझ्यापुढे गेली, न विचारता दुसऱ्या मजल्यावर डावीकडे वळली, आणि कुलपापाशी थांबून माझी वाट बघत राहिली. आत आल्यावर म्हणाली, “इथे आमची मोरी होती. इथे बाबांची खुर्ची. आणि ही खिडकी माझी.”

मग तिनं सांगितलं, खिडकीच्या कट्ट्यावर बसून. ते चौघं तिथे राहायचे. आई-वडील, मोठी बहीण आणि ही. वडील पोस्टात पत्रं वेगळी करायच्या कामावर होते. ही दुसरीत असताना एक दिवस शाळेतून आली तर सामान हातगाडीवर चढलेलं. वडील नुसतं ‘चला’ म्हणाले. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक बसकं, ओलीनं फुगलेल्या भिंतींचं घर घेतलं होतं. शाळा सुटली, मैत्रीण सुटली. तिनं का म्हणून विचारलं, तर आई स्वयंपाकघरात निघून गेली आणि वडील म्हणाले की तिथे आता राहायचं नाही. एवढंच. त्याआधी काही दिवस शेजारचे लोक तिला बघून बोलायचे थांबत, हे तिच्या पक्कं लक्षात होतं. मुलांना असं कळतं. तिनं त्यातून एकच अर्थ काढला, की बाबांनी काहीतरी लाजिरवाणं केलं आहे. मोठी झाली तसा तो अर्थ आणखी घट्ट झाला. कोर्टात रोज माणसं उभी राहून आपली कारणं सांगायची आणि ती उतरवून घ्यायची, पण आपल्या घरचं कारण काही तिला मिळालं नाही. वडिलांशी ती कामापुरतं बोलायची. ते गेले तेव्हाही तसंच होतं.

“मला घर घ्यायचंय, खरंच. पैसे साठवलेत,” ती म्हणाली. “पण लोक घर का सोडतात ते कळल्याशिवाय सही करायला हात धजत नाही.”

मी टेप काढला. त्या खोलीच्या खिडक्यांचं माप घेताना मला जरा नवल वाटलं. खिडकीला नेहमीच्या जागी कडी होतीच, पण चौकटीच्या अगदी वर, मला चवड्यांवर उभं राहून हात पुरवावा लागला एवढ्या उंचीवर, आणखी एक कडी होती. रंगाचे थरावर थर बसून पार चिकटून गेलेली. दुसऱ्या खिडकीलाही तशीच. बाहेरच्या दारालाही. पलीकडच्या खोलीत मात्र नव्हत्या. मी तिला दाखवल्या. तिनं मान वर करून बराच वेळ बघितलं. तिला आठवेना.

“एवढ्या वर कडी कोण लावतं?” मी म्हटलं.

“चोराला काय, वरची खालची सारखीच,” ती म्हणाली.

तेवढ्यात गॅलरीतून कुणीतरी हाक दिली, आत कोण चालतंय म्हणून. खालच्या मजल्यावरच्या आजी होत्या. गुडघे धरत धरत वर आल्या होत्या, कारण रिकाम्या खोल्यांत पावलं वाजायला लागली की त्यांना चैन पडत नाही, असं त्यांनीच सांगितलं. नवी नवरी म्हणून त्या इमारतीत आल्या त्या तिथेच म्हाताऱ्या झाल्या. मी पडदेवाली, मापं घेतेय, असं सांगितल्यावर त्यांनी चौकशीबाईकडे बोट केलं. ही कोण?

चौकशीबाईनं सांगितलं की आम्ही पूर्वी इथे राहायचो, वडील पोस्टात होते, आम्ही दोघी बहिणी.

आजी जवळ आल्या. तिच्या तोंडाकडे असं बघितलं जसं कुणी अंधुक झालेली पाटी वाचतं.

“म्हणजे तू धाकटी. झोपेत चालणारी.”

चौकशीबाईला आधी वाटलं, आजी माणूस चुकल्या. ती तसं म्हणालीसुद्धा. पण आजी कट्ट्यावर बसल्या आणि सांगायला लागल्या, आणि त्यांच्या सांगण्यात चूक नव्हती. एकदा पहाटे त्या चौकात पंपावर पाणी भरायला आल्या होत्या. सहज वर बघितलं, तर दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर ही बसलेली. पाय बाहेर सोडलेले, डोळे सताड उघडे, आणि गाढ झोपेत. आजींच्या हातातली बादली सुटली. तेवढ्यात दारातून वडील आले, अनवाणी. त्यांनी हाक मारली नाही, धावले नाहीत. हळूच येऊन तिच्याशेजारी कठड्याला टेकून उभे राहिले आणि तिच्याशी बोलायला लागले. बोलता बोलता हात तिच्या कमरेभोवती घातला आणि तिला आत घेतलं. मग मात्र ते तिथेच खाली बसले, आणि त्यांना उठवायला दोघं लागले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोरीला कळू देऊ नका, धास्ती घेतली तर वाढेल, वयाबरोबर आपोआप जाईल. वडिलांनी घरोघर जाऊन हात जोडून सांगितलं की तिच्यासमोर कुणी हा विषय काढू नका. म्हणून लोक बोलायचे थांबायचे. दारं-खिडक्यांना वर कड्या लावल्या. तर आठवड्याच्या आत तिनं झोपेतच स्टूल ओढून नेलं आणि एक कडी काढली. दुसऱ्या दिवशी ते तळमजल्यावरचं घर शोधायला बाहेर पडले. जे पहिलं मिळालं ते घेतलं.

चौकशीबाई उभीच होती. टेपचं टोक तिच्या मुठीत तसंच होतं.  मला वाटलं रडेल, पण तिनं विचारलं, आणि अगदी कोर्टात विचारावं तसं नीट विचारलं:

“बाबा माझ्याशी काय बोलत होते? कठड्यापाशी?”

आजी हसल्या. “काही नाही गं. उद्या शाळेत कुठला फ्रॉक घालणार, असं विचारत होते. आणि तू उत्तर देत होतीस. निळा म्हणालीस. मग ते म्हणाले, त्याचं बटण तुटलंय, आत ये, लावून देतो.”

आजी गेल्यावर ती खाली जमिनीवर बसली आणि बहिणीला फोन लावला. एका कानानं तिला कमी ऐकू यायचं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असायचा. मी उठून बाहेर जायला लागले तर तिनं हातानंच बस म्हटलं.

तिनं नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. “अक्का, मी झोपेत चालायचे?” एवढंच विचारलं.

 पलीकडून बहिणीचा आवाज आला, सावकाश. “तुझी वेणी माझ्या मनगटाला बांधून झोपायचे मी. नव्या घरातसुद्धा, दोन वर्षं. तू उठलीस की ओढ बसायची. कधी कधी हात सुजायचा.”

“मला सांगितलं नाहीस.”

“बाबांनी शपथ घातली होती. आणि नंतर तू त्यांच्याशी बोलेनाशी झालीस, तेव्हा मला वाटलं, तुला कुणीतरी सांगितलं असेल. तुझ्यापासून लपवलं म्हणून रागावलीस. मलाही राग आला तुझा. इतकं करून वर हे, असं वाटलं.”

 शेवटी बहिणीनंच विचारलं की जेवलीस का, आणि चौकशीबाई म्हणाली नाही.

जिना उतरताना ती मधल्या पायरीवर थांबली. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात ती त्यांना दवाखान्यात भेटायला जायची, तेव्हाचं सांगायला लागली. ते दर वेळी एकच विचारायचे, झोप लागते ना नीट? ती हो म्हणायची आणि घड्याळ बघायची. “मला वाटायचं, बोलायला दुसरं काही नाही म्हणून विचारतात,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. भाजी घेऊन वर चाललेला एक माणूस आमच्यासाठी भिंतीला चिकटून उभा राहिला. मी तिचा दंड धरून तिला खाली आणलं.

पुढच्या महिन्याच्या सभेला ती येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. टायवाल्यानं माझे पडदे लावलेले नवे फोटो दाखवले आणि ते घर पुन्हा मांडलं. त्याचं झाल्यावर तिनं हात वर केला. चेअरमननी हसून मान हलवली, त्यांना प्रश्न पाठच होता. पण ती उठून पुढे आली, पहिल्यांदाच, आणि म्हणाली की मला आज विचारायचं नाही, सांगायचंय. तिनं आपली सगळी कहाणी काही सांगितली नाही. या घरात मी लहानपणी राहत होते, गॅलरीचा कठडा फार बुटका आहे, मी त्यावरून पडता पडता वाचले आहे. जो कुणी घेईल त्यानं आधी कठडा उंच करावा आणि मग भाडेकरू ठेवावा. घर चांगलं आहे. उजेड चांगला येतो.

टायवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. घंटी वाजायला हवी होती, पण चेअरमननी वाजवली नाही. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, कठडा वाढवायला किती खर्च येईल, आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या, कधी तोंड न उघडणाऱ्या रंगाऱ्यानं सांगितलं की लोखंडी नळ्या बसवल्या तर फार नाही. डॉक्टरांनी तो खर्च भावातून वजा करून मागितला. टायवाला जरा कुरकुरला, पण सौदा झाला. नंतर मी पडद्यांचे हुक बदलायला गेले होते तेव्हा कठडा माझ्या छातीपर्यंत आला होता, आणि आजी त्याच्या नळ्यांवर गोधड्या वाळत घालून मोकळ्या झाल्या होत्या.

चौकशीबाईनं मात्र सभेला यायचं सोडलं. मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. मागची ती खुर्ची कुणी धरायचं नाही असं नव्हतं, लोक बसायचे, पण विकणारा बोलून संपला की पुढचं सगळं भावताव होऊन जायचं आणि मला वाटायचं, अरे, खरी गंमत राहिलीच की. एकदा मी धीर करून हात वर केला. पिवळ्या स्टिकरवाल्यांनी प्रश्न विचारायचे नसतात, असं चेअरमन म्हणाले. मी म्हटलं, पडदे कुठल्या खिडकीला जाड लागतील ते मला कळायला नको का? 

थंडीत तिचा फोन आला. बहिणीच्या शेजारचं घर रिकामं झालं होतं, ते तिनं विकत घेतलं होतं. मापं घ्यायला ये, म्हणाली, आणि ह्यांनाही आण, रॉड बसवायचे आहेत. आम्ही टेंपो काढून गेलो. दार अक्कांनीच उघडलं. धाकटीपेक्षा बुटक्या, गोल, आणि तोंडानं फटकळ. आत दोघींची आधीच जुंपलेली होती. धाकटीला पडदे पार फरशीला टेकणारे हवे होते. अक्का म्हणत होत्या की धूळ गोळा करतील, खिडकीपुरते पुरेत, आणि धुवायचे कुणी, तू तर नाहीच धुणार. धाकटी म्हणाली, घर माझं आहे. अक्का म्हणाल्या, भिंत सामाईक आहे.

आमचे हे ड्रिल हातात घेऊन एकीकडून दुसरीकडे बघत उभे. शेवटी मी म्हटलं, दोन खिडक्या आहेत, एकीला लांब करू, एकीला आखूड. ते दोघींनाही पटलं नाही. अक्कांनी चहा टाकला, आणि चहा होईपर्यंत मी दोन्ही मापं घेऊन ठेवली.